पुठ्ठ्यातलं हेलस : मंगळाच्या सर्वांत खोल खोऱ्याच्या प्रकल्प नोंदी

१४ जुलै २०२४

सोसायटीच्या गणपतीत यंदा विज्ञानाचा कोपरा करायचं ठरलं आणि मीटिंगमध्ये मी बोलून गेलो, "मंगळाचं मॉडेल मी करतो." ७ सप्टेंबरला गणपती. हातात आठ रविवार, डोंबिवलीतलं वन बीएचके आणि पावसाळा.

ऑलिम्पस मॉन्स, म्हणजे मंगळावरचा तो प्रचंड ज्वालामुखी, सगळेच करतात, म्हणून हेलस घेतलं. दक्षिण गोलार्धातलं सुमारे २३०० किलोमीटर रुंदीचं आघात खोरं. मंगळावरचा सर्वांत खोल बिंदू याच्याच तळाशी आहे, शून्य पातळीच्या सुमारे ८.२ किलोमीटर खाली. हिशेब सोपा वाटला होता: डोंगर रचावा लागतो, खड्ड्याला नुसतं भोक पाडायचं. हे किती चुकीचं होतं ते पुढे येईलच.

उंचीची आकडेवारी मोलाची. मोला म्हणजे मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानावरचा लेझर. यान मंगळापासून साधारण ४०० किलोमीटरवरून दोन तासांत एक फेरी मारायचं. लेझर सेकंदाला दहा वेळा खाली झोत सोडायचा आणि तो परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढायचा. जमिनीवर झोताचा ठिपका दीडशे-पावणेदोनशे मीटरचा, पुढचा ठिपका तीनशे मीटरवर. १९९९ पासून ३० जून २००१ ला लेझर बंद पडेपर्यंत अशी ६० कोटींहून जास्त मोजमापं झाली. ती सगळी नासाच्या संग्रहात फुकट मिळतात. मला फक्त पुठ्ठा विकत घ्यायचा होता.

२० जुलै

सर्वांत बारीक जाळी निवडली: एका अंशाला १२८ चौकटी, म्हणजे विषुववृत्तावर एक चौकट ४६३ मीटरची. आपलं लोणार मंगळावर उचलून ठेवलं तर या नकाशात आडवे चार ठिपके भरेल. एवढी बारकाई कशाला हवी, हे स्वतःला आधी विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

मंगळ इथे तुकड्यांत कापलेला आहे. तुकड्यांची एक शीव ४४ अंश दक्षिणेवर जाते आणि एक ९० अंश पूर्वेवर. हेलसचा मध्य ४२ दक्षिण, ७० पूर्व. म्हणजे हे एकच खोरं नेमकं चार तुकड्यांत वाटलं गेलंय. प्रत्येक फाइल १३० एमबीची, चार उतरवल्या.

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत उघडल्या तर पडद्यावर जुन्या टीव्हीतल्या मुंग्या. दोन तास फाइल खराब आहे असं समजून पुन्हा पुन्हा उतरवत बसलो. फाइल धडधाकट होती. प्रत्येक उंची दोन बाइटमध्ये लिहिलेली असते आणि मोलावाल्यांनी मोठा बाइट आधी ठेवलाय. माझा लॅपटॉप लहान आधी वाचतो. त्यामुळे उणे ४५०० मीटरचे २७८८६ झाले, आणि शेजारच्या उणे ४५०१ चे २७६३०. एका मीटरचा फरक २५६ चा झाला की गुळगुळीत मैदानाच्याही मुंग्या होणारच.

फाइलसोबत लेबलची छोटी टेक्स्ट फाइल येते, तिच्यात हे स्पष्ट लिहिलंय. ती मी अनावश्यक म्हणून उतरवलीच नव्हती. लेबल शेजारी ठेवून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये लेबलच उघडलं की सगळं आपोआप सुरळीत होतं.

२१ जुलै

भाची आली होती, आठवीत आहे. नकाशावर माउस फिरवत तिने सर्वांत खोल आकडा शोधला: उणे १७ हजारांच्या आसपास. "मामा, तू आठ किलोमीटर म्हणाला होतास ना?"

मी आधी खूश. म्हटलं, काहीतरी सापडलं. पाच मिनिटांत जमिनीवर आलो. खोऱ्याबाहेरची जमीनसुद्धा दक्षिणेकडे एकसारखी उतरत चालली होती. साठ अंशांवर तर सपाट पठारही उणे चौदा-पंधरा हजार दाखवत होतं. अख्खा दक्षिण गोलार्ध काही घसरगुंडी नाही.

घोळ एका अक्षराचा. एकाच जागेच्या दोन फाइली आहेत आणि नावात चौथं अक्षर तेवढं वेगळं: एकात आर, एकात टी. आर म्हणजे त्रिज्या. ग्रहाच्या केंद्रापासूनचं अंतर घ्यायचं आणि त्यातून सरसकट ३३९६ किलोमीटर वजा करायचे. पण मंगळ ध्रुवांकडे चपटा आहे, तिथली त्रिज्या जवळपास २० किलोमीटरने कमी. हा चपटेपणा आरमध्ये खोली बनून येतो आणि ४२ अंशांवर तो सुमारे ९ किलोमीटर भरतो. आठ अधिक नऊ, सतरा. टी म्हणजे खरी उंची. ती गुरुत्वाच्या समपातळीपासून मोजलेली असते, आपल्या समुद्रसपाटीसारखी, फक्त समुद्राशिवाय.

यादीत आर आधी येतं म्हणून मी तेच उचललं होतं. पुन्हा चार फाइली, पुन्हा ५२० एमबी. सापडलेली चूक भाचीच्या नावावर.

२७ जुलै

टीच्या फाइली जोडल्या. शिवा दिसत नाहीत. रुंदी मोजली तर ४३०० किलोमीटर! क्यूजीआयएसला कुठलीही जमीन दाखवा, ती त्याला पृथ्वीचीच वाटते. प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये जाऊन गोलाची त्रिज्या ३३९६ किलोमीटर दिली तेव्हा आकडा २३०० च्या घरात आला. त्रिज्येतली तफावत १.८८ पट, आणि अंतर तेवढ्याच पटीने फुगलेलं.

आता रूपरेषा फ्रिजच्या जुन्या खोक्यावर छापून चाचणीसाठी एक थर कापला. वांगं आलं. आडवं, लांबुळकं. हेलस मुळातच थोडं लंबगोल आहे, पण इतकं नाही. अक्षांश-रेखांशाच्या चौकोनी नकाशात ४२ अंशांवर पूर्व-पश्चिम अंतर सुमारे १.३५ पट ताणलं जातं, हे शाळेच्या भूगोलात शिकलो होतो आणि विसरलो होतो. हेलसच्या मध्यावर केंद्र ठेवून समक्षेत्र प्रक्षेपण दिलं, म्हणजे क्षेत्रफळ खरं राखणारी नकाशाची मांडणी. वांग्याचा बटाटा झाला. तेवढं पुरे.

२८ जुलै

दिवस वाया. दर ५०० मीटरला समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, काढायला सांगितल्या (एका रेषेवर पुठ्ठ्याचा एक थर कापायचा होता) आणि लॅपटॉप पंख्याचा आवाज करत अडकला. चहा झाला, जेवण झालं. संध्याकाळी रेषा आल्या त्या अशा कुरतडलेल्या, की सुरीने कापायला जन्म गेला असता. हजारो बेटं, कित्येक एकेका चौकटीची. काही ठिकाणी उत्तर-दक्षिण बारीक पट्टे होते. ते मंगळावरचे नाहीत, यानाच्या फेऱ्यांचे आहेत. दोन फेऱ्यांच्या मधल्या जागेत लेझर पडलेलाच नसतो, तिथले आकडे आजूबाजूच्यांवरून भरलेले असतात.

मग कागद-पेन्सिल घेतली, जी पहिल्या दिवशी घ्यायची होती. मॉडेल ६० सेंटिमीटरचं, त्यात २४०० किलोमीटर. म्हणजे १ मिलिमीटरला ४ किलोमीटर. माझ्या सुरीची चूकच अर्धा मिलिमीटर असते. एका अंशाला १६ चौकटींची जाळी म्हणजे ३.७ किलोमीटरची चौकट, माझ्या एका मिलिमीटरपेक्षाही किंचित बारीक. अख्ख्या मंगळाची ही फाइल फक्त ३३ एमबीची. तुकडे नाहीत, शिवा नाहीत. उतरवली, किंचित मऊ केली, ५ मिलिमीटरपेक्षा लहान बेटं काढून टाकली. वीस मिनिटांत काम संपलं.

कुणी हे करणार असेल तर इथून सुरुवात करा. मी आठवडाभर एक गीगाबाइट उपसलं, त्यातला एक बाइटही मॉडेलमध्ये नाही.

३ ऑगस्ट

दोन मिलिमीटरचा ग्रे बोर्ड, २२ शीट, ४५ रुपयांनी ९९०. तळाचा एक अखंड, वर भोकाचे वीस, एक जास्तीचा. उणे ७५०० पासून अधिक २००० मीटरपर्यंत रेषा. एक थर म्हणजे ५०० मीटर.

उभी मोजपट्टी आडवीच्या १६ पट झाली आहे. भाचीला ते आवडलं नाही, "मग हे खोटंच की!" खऱ्या प्रमाणात केलं असतं तर ही सगळी खोली अडीच मिलिमीटरमध्ये संपली असती, एका पुठ्ठ्याहून जरा जास्त. तिला जेवणाचं ताट दाखवलं: खरं हेलस याहूनही उथळ आहे. काठावर उभं राहिलं तर समोरचा काठ दिसणं सोडाच, आपण खोऱ्याच्या काठावर आहोत हेही कळणार नाही. मॉडेलच्या पाटीवर "उंची १६ पट वाढवली आहे" हे मोठ्या अक्षरांत लिहायचं कबूल केलं.

एक-एक थराची रेषा प्लॉटरवर, म्हणजे मोठे नकाशे छापायच्या यंत्रावर, ए-वन कागदावर काढून आणली, कागदाला ५० रुपये. पहिले दहा शनिवारी, उरलेले दहा रविवारी. घरी एकावर एक धरले तर रविवारचे दीड सेंटिमीटरने लहान. दुकानात दुसऱ्या दिवशी "पानात बसवा" चालू राहिलं होतं आणि मोजपट्टी लावून बघायचं मला सुचलं नाही. पुन्हा ५०० रुपये. आता प्रत्येक कागदावर १० सेंटिमीटरची रेघ छापतो. दुकानातच ती मोजायची, मग पैसे द्यायचे.

१० आणि ११ ऑगस्ट

कापणी. एका थराला सरासरी ५० मिनिटं. सुरी एका झटक्यात आरपार घालायची नाही, तीन हलके फेरे मारायचे. पात्याचं टोक दर दोन थरांना मोडायचं, बोथट पातं घसरतं. डाव्या अंगठ्याला विचारा.

आणि इथे कळलं की खड्डा म्हणजे नुसतं भोक नाही. हेलसचा तळ थाळीसारखा सपाट नाही. मध्यावर उंचवटा आहे, आल्फियस टेकड्यांचा, आणि सर्वांत खोल भाग त्याच्या बाजूने पश्चिमेकडून वळसा घालतो. त्यामुळे खालच्या चार-पाच थरांत भोकाच्या आत बेटं येतात. ती कापली की सुटी होतात आणि नक्की कुठे बसायची ते कळेनासं होतं. उपाय दोन. प्रत्येक शीटच्या दोन कोपऱ्यांत एकाच मापाची भोकं पाडून त्यांतून खिळे घातले, म्हणजे थर हलत नाहीत. आणि बेट कापायच्या आधी त्यावर थर आणि क्रमांक लिहिला, शिवाय खालच्या थरावर पेन्सिलने त्याची सावली उमटवून ठेवली.

तरीही चौथ्या थराचं तिसरं बेट, ४-३, सकाळच्या झाडूत गेलं. केराची पिशवी उलटी करून पाहिली, नाही सापडलं. त्या आकाराचा तुकडा नवीन कापला, अंदाजाने.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन करून आलो आणि चिकटवायला बसलो. पांढरा गोंद, भरपूर, ब्रशने. पाच थर झाले, वर विश्वकोशाचे खंड ठेवले.

१६ ला सकाळी पाहिलं तर पापड. चारही कोपरे दोन-दोन बोटं उचललेले. पांढऱ्या गोंदात पाणी, पुठ्ठ्याला पाणी मिळालं की तो फुगतो, आणि बाहेर तीन दिवस सूर्य नाही. पंखा लावला तर वरची बाजू आधी सुकून आणखी वाकली. तांदळाचा डबा ठेवून पाहिला, त्याने मध्ये खोलगट झालं. हेलस झालं म्हणा, पण नको तिथे.

सुताराला विचारलं. तो म्हणाला, सनमायका चिकटवायचं पिवळं सोल्युशन घ्या. दोन्ही बाजूंना पातळ थर, दहा मिनिटं सुकू द्यायचं, मग एकदाच दाबायचं. पाणी नाही म्हणून वाकणं नाही. पण एकदा टेकवलं की हलवता येत नाही. इथे ते खिळे कामाला आले. खिडक्या उघड्या ठेवा, वासाने डोकं धरतं. घरातल्यांनी दोन दिवस अबोला धरला तो वेगळा.

पहिले पाच थर सोडवताना दोन फाटले, ते पुन्हा कापले. नुकसान: ९५ चा गोंद, ९० चा पुठ्ठा, तीन संध्याकाळी.

१८ ऑगस्ट

रंग. दुकानातल्या लाल ॲक्रिलिकचा हात मारून पाहिला, कुंकवासारखं भडक दिसलं. मंगळयानाच्या रंगीत कॅमेऱ्याने २०१४ च्या सप्टेंबरअखेर ७४५०० किलोमीटरवरून पूर्ण गोलाचा फोटो घेतला होता, तो समोर ठेवला. उत्तर गोलार्धात उठलेलं धुळीचं वादळही त्यात आहे. आपलं यान फार लांबट कक्षेत फिरायचं, जवळ आलं की चारशे-सव्वाचारशे किलोमीटरवर आणि लांब गेलं की ७० हजारांच्या पार. म्हणून त्याला अख्खा मंगळ एका चौकटीत मावायचा. ग्लोबल सर्व्हेयर चारशेवरून पट्टे पाहत होतं. एकाने उंची दिली, एकाने रंग.

तो रंग लाल नाही, ओल्या गेरूचा आहे. म्हणून गेरूच आणला, वीस रुपयांचा. गेरू म्हणजे लोहाचं ऑक्साइड, आणि मंगळाची धूळही त्याच नात्यातली. थोडी पिवळी माती, पातळ सरस, जुनी साडी फाडून केलेला बोळा. तळाशी सुका गेरू भुरभुरवला. खरं हेलसही धुळीचं कोठार आहे. जून २००१ च्या अखेरीस याच भागात उठलेली धूळ पुढे सगळा ग्रह झाकून गेली. सरसातही पाणी असतं, पण हात पातळ होता, पुठ्ठा वाकला नाही.

२५ ऑगस्ट

नुसता खड्डा दाखवून काय सांगणार? हवा दाखवायची होती. विचार असा: ६.१ मिलिबार या दाबाखाली पाणी द्रव राहूच शकत नाही, बर्फाची थेट वाफ होते. ती पातळी पांढऱ्या दोऱ्याने आखायची. दोऱ्याच्या वर पाणी अशक्य, खाली निदान कागदावर शक्य. मंगळाची शून्य उंची म्हणजे ६.१ मिलिबार, हे जुन्या वहीत लिहिलेलं होतं. शून्याच्या थरावर दोरा चिकटवला. मंगळावर साधारण ११ किलोमीटर चढलं की दाब एक तृतीयांशाच्या जरा वर उरतो. त्या हिशेबाने तळाशी १३ मिलिबार. भाचीला ऐटीत सांगितलं, तळाशी पाणी ११ अंशांना उकळेल.

३१ ऑगस्ट

दोरा उपटला.

वहीतली नोंद मरिनर-९ या नासाच्या जुन्या मंगळ-यानाच्या काळातली होती. तेव्हा शून्य उंची खरंच हवेच्या दाबावरून ठरवत. मोलाने ते मोडून गुरुत्वावरचं शून्य आणलं. दोन शून्यं एका जागी नाहीत. मोलाच्या शून्यापासून ६.१ मिलिबारची पातळी सुमारे १६०० मीटर खाली आहे, तीही मंगळाच्या वसंतसंपाताच्या वेळची. माझ्या पुठ्ठ्यात तीन थर खाली. तळाचा दाबही १३ नाही, ११ च्या जरा वर, आणि पाणी साडेआठ-नऊ अंशांनाच उकळेल. भाचीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "परत शून्यच चुकलं?" परत शून्यच.

पण "वसंतसंपाताच्या वेळची" हे टोचत राहिलं. मंगळाची हवा बहुतेक कार्बन डायऑक्साइड. हिवाळ्यात ती ध्रुवावर गोठून खाली पडते, म्हणून साऱ्या ग्रहावरचा दाब उतरतो. उन्हाळ्यात परत चढतो. या गोठलेल्या हवेची जाडीसुद्धा मोलाने ऋतूगणिक मोजली, ध्रुवांजवळ मीटर-दीड मीटर. नासाचं वायकिंग-१ यान मंगळावर जिथे उतरलं, शून्याच्या ३.६ किलोमीटर खाली, तिथे वर्षभरात दाब ६.९ ते ९ मिलिबार असा हलतो. त्यावरून काढलं तर ६.१ ची पातळी उणे २३०० पासून अधिक ६०० मीटरपर्यंत खालीवर होते. जवळपास सहा थर.

म्हणजे चिकटवायचा दोरा नव्हताच तो. बाराव्या आणि अठराव्या थरावर दोन लाल दोरे कायमचे लावले, किमान आणि कमाल. पांढरा दोरा टाचण्यांना नुसता अडकवला. ज्याला हवा तो ऋतू त्याने लावावा.

८ सप्टेंबर

मॉडेल मंडपात, प्रसादाच्या टेबलाशेजारी. सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न: "यात पाणी होतं का?" दुसऱ्या क्रमांकावर: "हात लावू का?" पांढरा दोरा दुपारपर्यंत चार वेळा सुटला, मुलांनीच परत लावला. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी सोळा पटींची पाटी वाचून ताट मागवलं आणि खरं प्रमाण इतरांना स्वतःच समजावत बसले.

खर्च: पुठ्ठा १०८०, प्लॉटर १५००, पाती १२०, वाया गेलेला गोंद ९५, पिवळं सोल्युशन २६०, गेरू-सरस-दोरे वगैरे १८०. एकूण ३२३५, पैकी ६८५ माझ्या गाढवपणाचे. वेळ अंदाजे सत्तर तास. लेबल आधी वाचलं असतं आणि मोजपट्टीचा हिशेब पहिल्या दिवशी केला असता तर चाळीसात झालं असतं.

एक कोपरा दमटपणाने किंचित उचलला आहे. खाली लाकडी पट्टी मारायला हवी होती.

१७ सप्टेंबर

विसर्जनानंतर घर झाडलं. सोफ्याखाली ४-३ सापडलं. अंदाजाने कापलेल्यापेक्षा बोटभर लांब आहे, आणि ती जागा आता सोळा थरांच्या खाली, पिवळ्या सोल्युशनने बंद. तुकडा कपाटात ठेवलाय, मागे तारीख टाकून.